हरिदास सरांचं गवत आणि सत्यशीलाबाईंचं निंदण

सावली, सप्टेंबर २००९

ती. इसरूमामांना सुरेंद्रचा साष्टांग नमस्कार.

सत्यशीलाबाईंनी पदर कमरेला खोचला, त्याच घडीला माझ्या आयुष्याचं वाटोळं झालं. पण आधी सांगा, मामीचा गुडघा कसा आहे? पर्लकोटेचा पूर उतरून भामरागडचा रस्ता सुरू झाला का? इकडे सगळ्यांची तब्येत ठीक, फक्त माझं डोकं पेटलेलं आहे.

सत्यशीलाबाई म्हणजे आचलची आई. (आचल कोण, ते तुम्हाला माहीत आहे. तिची बस आणि माझा बी.एस्सी.चा तास एकाच वेळेला यायचा म्हणून मी आधी तास सोडला, मग कॉलेज. त्यावर पुन्हा बोलू नये.) बाईंचं एकच म्हणणं होतं, "पोट्टा कामाले लागला तं पाहू." लागलो. चंद्रपूरच्या हरिदास सरांनी इथं गावाबाहेर गवताच्या संशोधनासाठी जाळीघर बांधलं आहे, तिथं राखणदार. काही कुंड्यांत आपला खायचा राळा, बाकीच्यांत त्याचाच रानटी भाऊबंद, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या कणसाचा. सर म्हणतात, उसासारखी मोठी गवतं जागाही खातात अन् वेळही. हे टीचभर गवत दोन-अडीच महिन्यांत बी ते बी होतं. याची जनुकं वाचली की मोठ्या गवतांची उकलतील, अन् उद्या त्या गवतांच्या इंधनावर गाड्या पळतील. मला पटलं. पण गावात विचारलं तर सांगू काय? गवत राखतो?

परवा बाई जावयाचं काम बघायला आल्या. (जावई हा शब्द माझा, त्यांचा नाही.) मी त्यांना जाळीघरात बसवून चौकात समोसे आणायला गेलो. मामा, जन्मभर धानाच्या बांधीत निंदण केलेल्या बाईला तणाजवळ एकटं बसवायचं नसतं, एवढी अक्कल मला नव्हती! परतलो तर राळ्याच्या पात्याला धक्का नाही, अन् दारापासून मधल्या वाटेपर्यंतचं रानटी गवत मुळासकट उपटलेलं. वर बकऱ्यांसाठी जुडी बांधून तयार. बाई घाम पुसत म्हणाल्या, "काऊन रे, एवढं तन माजू देलं? पगार कायचा घेतं मंग?" मी समोसा पुढे केला.

संध्याकाळी सर आले. मी छाती काढून म्हणालो, "मीच उपटलं." असा त्याग केला की माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. सर शांतपणे म्हणाले, "बी फ्रिजमध्ये आहे. परत उभं राहील, म्हणून तर हे गवत निवडलं. पण राखणदारच उपटत असेल, तर त्याला ठेवू कशाला?" म्हणजे खरं बोललो असतो तर नोकरी राहिली असती! ज्या गवतापायी मी बळी गेलो, ते तिकडे फ्रिजमध्ये गारेगार बसलेलं!

वर आचल विचारते, "तुले सांगता नाई आलं?" काय सांगू? होणाऱ्या सासूला सांगू, की तुम्ही पीकच उपटलं? अख्ख्या सावलीत बाया त्यांना विचारून धानातलं तण ओळखतात. त्या माझं तोंड तरी पाहतील का?

आता मला नोकरी नको, लग्न नको, अन् समोसा तर जन्मात नको.

आपला भाचा,
सुरेंद्र

ता.क. लग्न नको, हे रागात लिहिलं. रस्ता सुरू असेल तर पहिल्या बसने या. तुम्ही स्वतः राळा पेरता, तुमचं त्या ऐकतील. असंही गवत कोणी मुद्दाम लावतं, एवढंच त्यांना समजवा. त्यांनीच उपटलं, हे सांगू नका. अन् मग आचलचा विषय काढा.

पुन्हा ता.क. मी जाळीघरात माझी चादर अन् डबा न्यायला आलो आहे. आचलचा निरोप आला. तिच्या आईला वाटतं, तण माजू दिलं म्हणून सरांनी मला काढलं. त्यांना माझी दया आली (दया!) अन् निंदणाऱ्या बायांना घेऊन त्या निघाल्या आहेत. उरलेल्या कुंड्या साफ करून सरांना म्हणणार, "आता सारं चकाचक आहे, पोट्ट्याले वापस घ्या." बांधावर आवाज येऊन राह्यला. सर चंद्रपूरला. हे पत्र अजून माझ्याच हातात, तुमची बस कुठून येणार? आता मलाच सांगावं लागेल. उठलो. बाहेर जातो, दार ओढून कडी घालतो, अन् दाराला पाठ लावून उभा राहतो.