कोरड्या विहिरीचा गारवा

निलंगा, एप्रिल १९८३

प्रिय रुद्राणी,

आपलं पत्र्याचं घर गार झालं! खोटं वाटेल, पण भर दुपारी मी तुझ्या खोलीत अंगाभोवती पदर ओढून हे लिहिते आहे.

लातूर जिल्हा झाल्यापासून तुझ्या लातूरकर सासूबाईंचा तोरा काय वर्णावा! "पत्र्याच्या भट्टीत माझी सून बाळंत व्हायची न्हाई," असं त्यांनी डोहाळजेवणात सगळ्यांदेखत सुनावलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे त्यांना का मी शिकवायचं? माझा घास कडू झाला.

यंदा दुष्काळानं विहीर आटली. तरी लोण्याची बरणी दोरीनं तळाशी सोडायची माझी सवय काही सुटली नाही. एका दुपारी बरणी वर काढली, तर लोणी घट्टच्या घट्ट! पाणी गेलं, पण जमिनीनं गारवा सोडला नव्हता. मग मी तुझ्या अप्पांच्या मागे लागले. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग स्वतःच कुदळ घेतली. विहिरीपासून खोलीपर्यंत खोल चर खणून सिमेंटचे नळ पुरले आणि विहिरीतली हवा ओढून आणायला खोलीत पंखा बसवला. गल्लीतले म्हणायचे, "रेवणप्पा पाणी सोडून वारा शेंदायलाय."

पहिल्याच दिवशी फजिती. मसाल्याच्या मिरच्या मी नेमक्या विहिरीच्या कट्ट्यावर वाळत घातलेल्या. पंखा लावला आणि खोलीभर ठसका! अप्पा शिंकत अंगणात, शेजारी हसून बेजार. मिरच्या गेल्या पत्र्यावर. तो त्याच कामाचा.

काल तुझ्या सासूबाई इथं लग्नाला आल्यात. त्यांना मुद्दाम ऐन दुपारी जेवायला बोलावलं. जेवून तुझ्या खोलीत जरा टेकल्या, त्या घोरायलाच लागल्या. जाग आल्यावर म्हणतात कशा, "जगदेवीबाई, शाल हाय का हो?" मी आत जाऊन आधी पोटभर हसले, मग शाल दिली.

निघताना म्हणाल्या, "पोरीला पाठवते." लग्न उरकून त्या घरी आल्या की तुला सांगतील, तुझ्या आईची दया आली म्हणून पाठवतेय. तू मुकाट्यानं मान डोलाव, त्यांचा मान राहू दे. पण खरं काय घडलं ते तुला आधी कळावं, म्हणून घाईनं हे लिहिलं. वाचून चुलीत घाल. रुद्राणी, तुझं बाळ पहिल्यांदा माझ्या हातात यावं, एवढंच मला हवं होतं गं. ये लवकर.

तुझीच, जिंकलेली
आई