पोयादाची उरलेली तिकिटं

सोमवार, ३ जून

ठरलं. पोयादा करायची! मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण. माझ्या वाचनघराचं छप्पर गळतंय, लिमाचं हे हिवाळ्यातलं धुकं आत उतरून पुस्तकांना बुरशी लागलीय. मुलं स्वेटरावर स्वेटर चढवून खोकत बसतात. नवे पत्रे हवेत. पैसे कुठून आणायचे? आमच्या टेकडीवर कुणाचं घर जळू दे, कुणाचं ऑपरेशन असू दे, उपाय एकच, पोयादा — तिकिटं खपवा, रविवारी कोंबडी तळा, गाणी लावा.

मला भीती त्या गाण्यांचीच. गाजावाजा झाला की 'त्यांना' कळणार, इथे पैसा जमतोय. खालच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याने हप्ता दिला नाही. शटरला गोळ्यांची भोकं पडलीत. एका शाळेला चिठ्ठी गेली, तर शाळाच बंद झाली. आम्हाला अजून कुणी विचारलं नाही, कारण आम्ही कुणाच्या नजरेत नाही. तेवढंच आमचं नशीब.

शनिवार, ८ जून

एउदोसिया मावशी स्वयंपाकाची प्रमुख. "बाई, तोंड असं काय केलंय? मयताला चाललोय का आपण?" म्हटलं, फलक नको, लाउडस्पीकर नको. "मग काय, कोंबडी कानात सांगून विकायची?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

बुधवार, १२ जून

तिकिटं छापून आली. त्यांवर माझा फोन नंबर! मावशीला झापलं, तर म्हणते, "मग काय देवाचा टाकायचा?"

दारोदार फिरले. इथला एक रिवाज बरा आहे — ज्याला आपण तिकीट विकलं, त्याचं तिकीट पुढे आपण घ्यायचंच. नाही म्हणायची सोय नाही. "तुमच्या फोर्तुनातोच्या पायाच्या ऑपरेशनच्या वेळी तुमची चार घेतली होती मी," एवढं म्हटलं की दार उघडतं, पाकीटही.

गुरुवार, २० जून

अनोळखी नंबरवरून फोन. उचलला नाही. पुन्हा आला. नाहीच उचलला. मग उचलला — गॅसवाला! सिलिंडर कधी आणू विचारत होता. त्याला म्हटलं शनिवारी, आणि फोन ठेवून ढसाढसा रडले.

मंगळवार, २५ जून

पलीकडच्या वळणावर एक रिक्षा जाळली. हप्ता चुकवला म्हणे. आता लोक तिकीट घ्यायला कचरतात. "घेतो बाई, पण त्या दिवशी येईनच असं नाही." "बाई, तुम्हाला अजून काही आलं नाही ना?" मेले सगळे हेच विचारतात! विचारलं की वाटतं, आता नक्की येणार. मुलांना आज लवकर घरी सोडलं. गल्लीच्या टोकापर्यंत स्वतः गेले सोबत.

शनिवार, २९ जून

अंगणात टपभर कोंबडी मुरत पडलीय — लाल मिरची, लसूण, जिरं, बियर. मावशीचे हात कोपरापर्यंत लाल. आणि बावीस तिकिटं शिल्लक! मुरलेली कोंबडी काही ठेवता येत नाही. अर्धं छप्पर घालून काय करायचं?

दुपारी एक माणूस आला. तिशीचा, दाढी गुळगुळीत, बोलणं गोड. "किती उरली, बाई?" सांगितलं. "सगळी द्या." मला खरंच वाटेना! रोख मोजून दिले. "आम्हाला खायला वेळ नाही. मुलांनाच वाढा." तिकिटावर नाव लिहायचं असतं, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "'एक शेजारी' असं लिहा." मावशीने त्याला खुर्ची दिली, जांभळ्या मक्याचं सरबत दिलं. "असे चार शेजारी असते ना, तर टेकडीचं सोनं झालं असतं!" तो हसला. माझा नंबर तिकिटावर होताच, त्याने आपला दिला. "मुलांचा फोटो पाठवा हं, बाई. बघायला बरं वाटतं."

रविवार, ३० जून

काहीही वाईट झालं नाही!

सकाळपासून जीव मुठीत. मोटारसायकल वाजली की हातातला झारा सुटायचा. मावशी ओरडली, "तळताय की नाचताय?" पण लोक आले, न येणारेही आले. फोर्तुनातो कुबडीसकट नाचला. बटाटे संपले, सॅलड संपलं. बावीस मुलांना ताटं वाढली, हाडं चोखून खाल्ली त्यांनी. बायकांनी मला मध्ये ओढून नाचवलं. देवा, मी उगाच मरत होते.

गुरुवार, ४ जुलै

पत्रे बसले. आत ठणठणीत कोरडं! मुलं वर बघत नुसती बसली होती, वाचन कसलं नि काय.

शेजाऱ्याला आभाराचा फोटो पाठवला. बावीस मुलं, हातात ताटं. नुसता फोटो रुक्ष वाटला, म्हणून खाली रांगेने सगळ्यांची नावं लिहिली, आडनावांसकट. देणाऱ्याला आपलं दान कुणाकडे गेलं ते कळायला हवं. लगेच उत्तर आलं — वर केलेला अंगठा.

मंगळवार, ९ जुलै

सकाळी दाराखाली पाकीट. आत कुठल्याशा पोयादाची बावीस तिकिटं. तारीख नाही, जागा नाही. किंमत एवढी, की नवे पत्रे उपटून विकले तरी भरून निघायची नाही. मावशीने तिकिटं हातात घेऊन मोजली. "आपण त्याला विकलीत, बाई. आता घ्यावी लागणार."

नावांच्या जागा आधीच भरलेल्या आहेत, मी फोटोखाली लिहिलेल्या क्रमानेच. सायुरी किस्पे. दायरोन मामानी. यादिरा चोके. सगळी वाचली मी. कुणीही सुटलेलं नाही.