सोनियाचा अर्ज

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
शाळेत होतो तेव्हा माझ्या वर्गातली चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची. शेवटच्या ओळीला वर्गाची कौलं थरथरायची. आज तोच आवाज आला म्हणून खिडकीशी धावलो. बघतो तर मेंढरं. शेजारच्या आकारामनं त्याच्या मोकळ्या रानात खतासाठी बसवलीत. कवठे महांकाळकडचं मेंढपाळ कुटुंब, पाच दिवस मुक्काम.

संध्याकाळ.
तळावर धोंडुबाई भेटल्या. नात सोनिया चार वर्षांची, अंगानं काडी. फिरस्तीमुळे कुठल्याच अंगणवाडीत नाव नाही. आजीचं म्हणणं एकच, पोरीचं वजन कुणीतरी बघावं. म्हटलं, मी आहे. रीतसर अर्ज करतो, मंजूर होईपर्यंत पोरीला पाठवू नका, उगाच अपमान नको. त्यांनी हात जोडले. मुलाचा, हरीचा पुण्याहून फोन येतो तो दोन मिनिटांचा. आज धोंडुबाईंशी तासभर बोललो.

१८, मंगळवार.
अर्जाचा ड्राफ्ट सुरू. 'महोदया'नंतरची ओळ आपोआप वृत्तात बसली. आता गद्यात उतरणं बरं दिसेना.

१९, बुधवार.
अंगणवाडीच्या मंगलताई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "अर्ज कशाला गुरुजी? पोरगी नुसती पाठवा, नाव मी लिहिते." नवीन आहेत बिचाऱ्या. कागदाशिवाय सरकार हलतं होय?

२०, गुरुवार.
सतरा ओळी. अठरावीत एक मात्रा जास्त. शकुंतला असती तर म्हणाली असती, आधी जेवून घ्या. जेवलो नाही.

२१, शुक्रवार.
दुपारी जरा डोळा लागला. उद्या नक्की.

२२, शनिवार.
अर्ज धोंडुबाईंना वाचून दाखवायला रानात गेलो. नुसत्या लेंड्या, आणि चुलीचे तीन दगड. आकाराम म्हणाला, पहाटंच उठली की मंडळी, मसूरकडं गेली. तिथंच उभा राहून अर्ज वाचला. खड्या आवाजात. बांधावर एक बगळा होता, तोही उडाला.

२४, सोमवार.
भटक्या माणसांचं असंच. आपण तरी किती करणार? तरी अर्ज सुवाच्य उतरवून काढला. जावक क्रमांक १.

२५, मंगळवार. दुपारी १२.
कडी वाजली. मला वाटलं पोस्टमन. दारात धोंडुबाई, कडेवर सोनिया. मसूरहून चालत आलेल्या. पाणी दिलं. पोरगी गेल्या आठवड्यापेक्षा हलकी दिसली. तिकडच्या अंगणवाडीच्या ताई रोज तळावर येऊन पोरीला बोलावतात म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मंजूर झाला न्हवं अर्ज? तुमी पाठवू नका म्हणलासा, म्हून तितंबी धाडली न्हाई पोरीला."