आवाज आलाच नाही

३ मार्च, सोमवार

कालच्या एका शटलची किंमत: उजवं पाऊल, फुगून पावासारखं झालेलं. एक बूट, कात्रीने कापून काढावा लागला. घरचा जिना, बसून चढलो, एकेक पायरी, रांगत्या पोरासारखा. मास्तरांचा अबोला, क्लबपासून घरापर्यंत. आणि शटल बाहेरच जात होतं!

मास्तर माझे बॅडमिंटनमधले डबल्सचे जोडीदार. निवृत्त चित्रकला शिक्षक. अकरा वर्षं आम्ही क्लबची स्पर्धा खेळतोय आणि अकरा वर्षं इमानाने हरतोय. यंदा पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठली. सामना २३ तारखेला. महिनाअखेर मास्तर मुलाकडे राहायला जाणार, कायमचे. म्हणजे पुढचं वर्ष नाहीच. तेव्हा पाय राहो न राहो, २३ला मी कोर्टवर!

ही म्हणते, एक्स-रे काढा. शेजारी म्हणतात, एक्स-रे काढा. दूधवालासुद्धा म्हणतो! अरे, चाळीस वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त करतोय. दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात, आज स्वतःची शेड, हाताखाली आठ माणसं. कशाच्या जिवावर? कानांच्या! स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानाला. आत काय बिघडलंय ते न उघडता सांगतो. मोडणारी वस्तू आवाज करते. काल आवाज आला नाही. म्हणजे मोडलं नाही. संपला विषय.

४ मार्च, मंगळवार

बर्फ. उशी. बर्फ. उशी. पंखा घरघरतोय, बुश गेलंय. कान शाबूत आहेत.

५ मार्च, बुधवार

धाकटीने पाय बघितला. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. मला वाटलं, आली की धरून नेणार फोटोला. तसं नाही.

"बाबा, चार पावलं टाका."

टाकली. लंगडत, पण टाकली.

"रविवारी पडल्या पडल्या टाकली होती?"

"कोर्टच्या बाहेर चालत आलो. विचार मास्तरांना."

मग खाली बसली आणि अंगठ्याने दाबत गेली. घोट्याच्या हाडाची मागची कड, आतून, बाहेरून. मग पावलावर. म्हणाली, "प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा फोटो काढत नाहीत. बहुतेकांना गरजच नसते. पण चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा या ठरावीक जागी हाडावर बोट ठेवल्यावर दुखलं, तर मात्र काढायचाच."

मनात म्हटलं, शाब्बास! ही तर माझीच पद्धत. आधी ऐका, मग उघडा.

पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध, एक उंचवटा असतो. तिथे तिने अंगठा ठेवला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"इथे?"

"छे."

"नक्की?"

"तू दाबतेयस की गुदगुल्या करतेयस?"

बघत राहिली माझ्याकडे. आईवर गेलीय.

८ मार्च, शनिवार

शेडवर गेलो, काठी घेऊन. फोरमन म्हणाला, "मालक, काठी शोभते तुम्हाला. आता फक्त चष्मा नाकावर आला की झालं." हसलो. उद्या ओव्हरटाइम देतो त्याला.

एका गिऱ्हाइकाचा पंप आला होता. फोरमन म्हणाला, वायंडिंग जळलंय. मी मूठ कानाला लावली. "बेअरिंग. मागचं." उघडलं. मागचं बेअरिंग!

मग त्या गिऱ्हाइकाला विचारलं, पंप कोरडा, पाण्याशिवाय, चालवला होता का? "अजिबात नाही साहेब!" पण आतलं सील काळंठिक्कर. लोक असं का करतात कळत नाही. तपासायला आणायचं आणि विचारलं की खोटं बोलायचं. मग मी बेअरिंग बदलणार, सील तसंच राहणार, आणि महिन्याने हाच माणूस बोंबलत येणार. चांगला झापला त्याला.

११ मार्च, मंगळवार

सूज उतरली. घोटा बरा आहे. तो उंचवटा मात्र तसाच. चादर लागली तरी ओरडावंसं वाटतं. ओरडत नाही.

स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. भिंतीआडून, नळ चालू असताना! ही म्हणाली, "त्यांना सांगण्यापेक्षा त्या मोटारीला सांग. ती तरी थांबते." धाकटी म्हणाली, "दुखत नाही म्हणाले ना. मी त्यावरच चालले."

मी त्यावरच चालले. हे वाक्य कानातून जाईना.

१५ मार्च, शनिवार

सरावाला गेलो. कुणाला न सांगता, पट्टी घट्ट बांधून. मास्तर म्हणाले, "कारखानदार, जमेल ना?" म्हटलं, "तुम्ही तुमची बाजू सांभाळा."

तिसऱ्याच शटलला उजव्या पायावर जोर दिला आणि जागेवर बसलो. उठून चार पावलं टाकायला गेलो. दोन झाली.

मास्तरांनी घरी आणलं. धाकटी दारातच होती. मी आधीच सांगून टाकलं — त्या दिवशी दुखलं होतं. खूप. तिथेच.

रागावली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "बाबा, मला दाबून कळत नाही. तुम्ही सांगता त्यावरून कळतं."

कोरडा चालवलेला पंप, आणि अजिबात नाही साहेब!

१७ मार्च, सोमवार

एक्स-रे झाला. बाहेरच्या कडेचं हाड मोडलंय, करंगळीच्या मागचं. डॉक्टर तरुण, पण सरळ बोलला. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर कदाचित नुसत्या बुटावर भागलं असतं. तुम्ही त्यावर चाललात, फट वाढलीय. आता प्लास्टर. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. तरी जुळलं नाही, तर स्क्रू."

विचारलं, "२३ला सामना आहे. निदान सर्व्हिसपुरता?"

तो धाकटीकडे बघून म्हणाला, "हे नेहमी असेच असतात का?"

"आज बरे आहेत," ती म्हणाली.

प्लास्टर जड आहे. असू दे. स्क्रू बसवायची वेळ आली तर कुठल्या मापाचा ते मी सांगेन!

२३ मार्च, रविवार

सकाळीच मास्तरांना फोन केला. फोरमनला घ्या, बरा खेळतो, अजून वेळ आहे. ते म्हणाले, "दुसऱ्याबरोबर खेळायचं असतं तर अकरा वर्षं तुमच्याबरोबर हरलो असतो का?" फोन ठेवला.

सामना सोडून दिला त्यांनी. एक शटलही न उडवता बाराव्यांदा हरलो. खिडकीशी बसलो होतो.

२९ मार्च, शनिवार

मास्तर निरोप घ्यायला आले. माझ्या प्लास्टरवर पेन्सिलने एक शटल काढलं, रेषेच्या बाहेर पडलेलं. धाकटीने विचारलं, "काका, त्या दिवशी नक्की झालं काय?"

मास्तर म्हणाले, "मागच्या रेषेवर होतो मी. कट्कन आवाज आला, वाळकी फांदी मोडावी तसा. बाकावरच्या लोकांनीसुद्धा ऐकला."

"मग सांगितलं का नाही?"

"यांना ऐकू आला नसेल, हे माझ्या मनातच आलं नाही. यांचे कान!"

आणि मी? मी तेव्हा ओरडत होतो. "माझं! माझं!"