फोन उघडणारी बोटं

६ जुलै
बॅक कुठंय? अख्खी सकाळ बॅक शोधण्यात गेली! जुन्या फोनवर खाली बाण होता, दाबला की मागं. इथं म्हणे कडेवरून बोट सरकवायचं. मी सरकवते आणि भलतंच काहीतरी उघडतं. बारा-तेरा वर्षं अँड्रॉइड वापरला, आणि आज आयफोन हातात घेऊन पहिलीतल्या पोरीसारखी बसले आहे. वर मी मास्तरीण!

हट्ट दिव्यानीचा. गेल्या आठवड्यात रजा काढून गोंडपिपरीला आपल्या घरी आली, तेव्हा स्वतःच बसून सगळं नव्या फोनमध्ये घेतलं — फोटो, नंबर, व्हॉट्सॲप. "आई, तू भामरागडच्या पुढं जंगलात एकटी, मी पुण्यात. निदान फोन तरी चांगला असू दे." तिचे बाबा गेल्यापासून ती माझीच आई झाली आहे. काल इथं परत आले. जुना फोन बंद करून पेटीत ठेवला.

८ जुलै
दुपारी वर्गावर होते. इतवारीबाईनं नेहमीसारखा ओट्यावरचा फोन उचलला, बोट लावलं — काहीच नाही. साडीला पुसून परत लावलं. शेवटी वर्गाच्या दारात येऊन उभी. "मॅडम, हा फोन तं मले वळखूनच नाई राह्यला!"

इतवारीबाई माझी शेजारीण, शाळेची खिचडी तीच शिजवते. गावात रेंज येते ती फक्त माझ्या ओट्यावर. तिच्या घरी फोन नाही; मुलगा चंदन हैदराबादकडं कामाला, तो बोलून पाठवतो ते माझ्या फोनवर येतं. म्हणून जुन्या फोनमध्ये माझ्या बोटासोबत तिचं बोट घातलं होतं, तिचा नवरा इसरू याचंही. इसरूच्या वेळी केवढी मजा झाली होती! बांबू सोलून सोलून बोटं गुळगुळीत, फोन एकही घेईना. शेवटी करंगळी चालली. तेव्हापासून फोन बघायचा झाला की इसरू करंगळी वर करून यायचा.

या नव्याला बोट लागतच नाही. चेहरा लागतो, आणि तोही माझाच. इतवारीबाई हसली. "मंग तुमालेच राहू द्या."

१० जुलै
दिव्यानीला विचारलं. "आई, तुझं बँकेचं सगळं त्यात आहे. तुझा चेहरा, तुझा फोन. आणि फोन उघडायचा नंबर कोणाला सांगायचा नाही हं!"

बरोबरच आहे तिचं. आणि फोटो काय सुंदर येतात! शाळेमागचं धानाचं शेत काढलं तर चित्रच वाटलं. तिला पाठवलं, तिनं पाच लाल बदाम पाठवले.

१९ जुलै
इतवारीबाई आता शाळा सुटेपर्यंत थांबते. मग विचारते, "मॅडम, टाइम हाय का?" पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मी फोन चेहऱ्यासमोर धरते, चंदनचा आवाज लावून देते, ती अवघडून ऐकते. मी समोर असताना पोराशी काय बोलणार बिचारी? "बरा राह्य" म्हणते आणि संपवते.

इसरू तर फिरकतच नाही. संध्याकाळी ओटा रिकामा असतो. मला वाटायचं, मी यांच्या उपयोगी पडते. खरं म्हणजे मलाच करमत नाही यांच्याशिवाय.

२७ जुलै
नदी पुलावरून वाहते आहे. रस्ता बंद.

३ ऑगस्ट
आज बसता आलं. तीन दिवसांत काय झालं ते मला इतवारीबाईकडूनच कळलं.

शाळा उघडली नाही म्हणून ती बघायला आली, तर मी तापानं फणफणलेली, हाक दिली तरी ओ नाही. तिनं आधी फोन घेतला. नर्सताईला लावावा, दिव्यानीला लावावा. उघडेना. मग माझ्या तोंडासमोर धरला! "तुमचे डोळे मिटले होते, मॅडम. तरी धरून राह्यली. त्याले वाटलं कोन हाय का जाने!" बोलताना हसत होती.

शेवटी इसरू कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडून उपकेंद्रात गेला आणि नर्सताईला घेऊन आला. मलेरिया. गोळ्या चालू आहेत. त्या पाण्यात त्याला काही झालं असतं तर? हा विचार डोक्यातून जात नाही.

५ ऑगस्ट
पेटीतून जुना फोन काढला, सिम बदललं. इतवारीबाईनं बोट टेकवलं — एका झटक्यात उघडला! तिनं फोन कपाळाला लावला. बँकेचं ॲप मात्र त्यातून काढून टाकलं, तेवढं दिव्यानीचं ऐकलं.

दिव्यानीला फोन करून ताप, नाला, सगळं सांगितलं. आयफोन परत घेऊन जा म्हटलं. आधी ओरडली, लगेच का नाही कळवलं म्हणून. मग म्हणाली, "म्हणजे मी दिलेला नको तुला." आणि फोन ठेवला.

११ ऑगस्ट
दिव्यानी बोलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा येतात, उत्तर नाही. चुकले का मी? फोन बदलला म्हणून चुकले असं वाटत नाही. पण पोरगी दुखावली, ते लागतं.

आज चंदनशी इतवारीबाई बराच वेळ बोलत होती. मी मुद्दाम आत भांडी घासत बसले.

१४ ऑगस्ट
दिव्यानीचा फोन आला. रागात नव्हती. जूनमध्ये तिलाही ताप आला होता म्हणे, खोलीत दोन दिवस एकटीच पडून होती. मला सांगितलंच नाही. "आई, तुझ्याकडं इतवारीबाई तरी आहे. मी डोळे मिटून पडले तर माझा फोन उघडणारं इथं कोणीच नाही."

पाणी उतरलंय. रजा टाकली. उद्या झेंडावंदन झालं की पुण्याला निघते.