दुपट्यातला घास

पनवेल, डिसेंबर १९५४

प्रिय आईस, रिबेकाचा प्रभूत सलाम.

मी बरी आहे. बाळंतपणात प्रभूने मला वाचवलं, त्या उपकारापोटी इथल्या मिशन दवाखान्यात प्रत्येक बाळाला दुपटं शिवून देते.

परवा रोडपालीची गोदू तिचं दुपटं परत घेऊन आली. म्हणाली, "बाई, बाळ नाय रडत. दुपटं रडतंय."

मी उसवलं. आत थर म्हणून मीच घातलेलं माझ्या रूथचं झबलं होतं. पण दुपट्याचं पोट रिकामं राहू नये म्हणून तू कोपऱ्यात भाकरीचा घास शिवतेस, तो घालायला मी विसरले होते. घास घालून पुन्हा शिवलं. आता गोदूकडे शांत आहे.

बाबांचा खोकला थांबला का?

आई, रूथ गेली तेव्हा तापात मला शुद्ध नव्हती. तू जवळ होतीस. खरं सांग, ती उपाशी गेली नाही ना?

तुझी लेक,
रिबेका