राजाच्या गोचिडी

प्रिय आत्या,

आज तुझ्या घरात मी जीव मारले. एक-दोन नव्हेत, गोठ्याची अख्खी मागची भिंत. तुला कळायचंच असेल तर ते माझ्या तोंडून कळावं, म्हणून चूल सारवून झाल्याबरोबर वही घेऊन बसले.

लग्नाआधी तू माझ्या बापाची बहीण होतीस, तेव्हा मी तुला अगंतुगं करायची. सून होऊन तुझ्याच घरात आले आणि 'अहो आत्या' सुरू झालं. आज परत 'तू' म्हणणार आहे. जे सांगायचंय ते अहोजाहो करत सांगता येणार नाही.

राजा आजारी पडला. तू जाऊन तेव्हा महिना झाला असेल. उंबऱ्याला हनुवटी टेकून पडायचा, भाकरीला तोंड लावायचा नाही. आम्हाला वाटलं, तुझ्यामागं झुरतोय. दुष्काळाच्या वर्षी तू खडीच्या कामावर पाणी वाटायला जायचीस, तिथून पदराखाली घालून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू ते. दुसरं काय वाटणार? भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "मुक्या जनावराला बी माया असती बगा." मीही चार वेळा डोळे पुसले. आठ दिवस आम्ही त्याचं कौतुक करत बसलो, आणि ते बिचारं ताप अंगावर काढत होतं!

मग एका सकाळी त्याची लघवी बघितली. कोऱ्या चहासारखी काळपट. दुःखानं लघवीचा रंग बदलत नाही, एवढं सातवी शिकलेल्या बाईला कळतं. तुझ्या लेकाला म्हटलं, सायकल काढा आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन या.

"कुत्र्याला डागदर? म्हशीचं काय असतं तर गेलो असतो की."

"तुमी जाताय का मी जाऊ?" म्हटल्यावर गेला.

डॉक्टरांनी आधी राजाचा ओठ वर उचलला. "वैनी, हिरडी बगा. गुलाबी पायजे, ही पांढरीफटक हाय. रगतच न्हाई अंगात." मग कान उलटा केला, पायाच्या बोटांमधल्या फटी उघडल्या. आत गोचिडी, तुरीच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या, एकीला एक चिकटून. गोचिडी नुसतं रक्त पीत नाहीत, जाताना तापाचं बी अंगात सोडून जातात, हे मला त्या दिवशी कळलं. सुई टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढ्या आल्या कुठनं? काडत न्हाईसा व्हय?"

काढत नाही? आत्या, तू तर रोज काढायचीस! दुपारची भांडी झाली की राजाला पायाशी घ्यायचीस, एकेक गोचीड अलगद ओढून करवंटीत ठेवायचीस. सख्ख्या नातवाच्या उवा इतक्या मायेनं कुणी काढल्या नसतील. आणि मग ती करवंटी घेऊन गोठ्यामागं जायचीस नि भिंतीच्या कडेला हळूच उपडी करायचीस. पाणी गाळल्यावर फडक्यावर राहिलेले जीव परत विहिरीत सोडायचीस ना, तसंच. मी बघत असले की म्हणायचीस, "ज्येचा जीव त्येला प्यारा गं कमळे. आपुन दिला न्हाई, आपुन घ्यायचा न्हाई."

हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. बॅटरी घेऊन मागच्या भिंतीपाशी गेले, आणि एका फटीत उजेड पाडून मला बोलावलं. मी वाकून बघितलं. वरपासून खालपर्यंत नुसती वळवळ.

"रगत पिऊन फुगलेली मादी अशी फट हुडकती नि आत हजारानं अंडी घालती," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाईंनी तिला चालायचं बी कष्ट दिलं न्हाईत. कुत्र्याला मी किती बी सुया टोचीन वैनी, पर भिंत अशीच राहिली तर म्हयन्याभरात ह्यो पुन्ना आडवा. मग वाचंल असं मी सांगत न्हाई."

तुझ्यावर चिडले नाही मी. चिडले माझ्यावर. पाच वर्षं ती करवंटी माझ्या डोळ्यांसमोरून जात होती. माहेरी कुंडलला तुझाच भाऊ, माझा बाप, गोचीड काढली की रॉकेलच्या डबीत टाकायचा आणि वर नवकार मंत्र म्हणायचा. म्हणजे मला ठाऊक होतं. पण सासूपुढं तोंड कशाला उघडा, म्हणून गप्प बसले. व्रत तुझं होतं, रक्त राजाचं जात होतं, आणि चांगली सून म्हणून नाव माझं होत होतं.

तुझा लेक आडवा आलाच. "आईच्या घरात हे व्हायचं न्हाई. राजाला मळ्यात न्हिऊन बांद."

"म्हंजे गोचिडी मळ्यात बी जातील, आनि तो तितं एकटा मरंल."

"आईला जाऊन दोन म्हयनं झालं न्हाईत, कमल."

"आत्या असत्या तर राजाला मरू दिलं असतं का? सांगा की."

तो बादली उचलून विहिरीकडे गेला. मला वाटलं, रुसून गेला. पण पाणी भरून आणलं, चुलीपाशी ठेवलं आणि मग मळ्यात निघून गेला. तुझा लेक आहे तो, याहून जास्त त्याच्याकडून झालं नसतं.

म्हैस बाहेर बांधली. राजाचं पोतं जाळलं. उकळतं पाणी फटीफटीत ओतलं, त्यावर डॉक्टरांनी दिलेली पावडर मारली. ती भिंतीलाच मारायची, कुत्र्याच्या अंगाला लावायची नाही, कारण ते चाटतं, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मांजर तर दिवसभर अंगच चाटत बसतं, म्हणून मनीला माजघरात कोंडून घातली. मग सगळ्या फटी लिंपून चुना दिला. पहिली बादली ओतताना डोळे मिटले. दुसरीला नाही मिटले, हेही तुला खरं सांगते.

एक विचारू? तुरीला तू एरंडेल चोळायचीस, ज्वारी उन्हात घालायचीस, पीठ दोन-दोनदा चाळायचीस. का, तर कीड झाल्यावर मारायची पाळी येते, म्हणून ती उपजूच द्यायची नाही. हे तूच मला शिकवलंस ना? मग धान्याला जे केलंस ते राजाला का नाही केलंस? त्या पाच वर्षांत एक डबा चुना पुरला असता गं.

आता मी करीन. दर अमावास्येला फटी बघीन, चुना देईन. त्याचं अंथरूण रोज उन्हात पडेल. रोज त्याचे कान, काखा, बोटं तपासीन, ओठ उचलून हिरडी बघीन. जेवला नाही तर झुरतोय म्हणून रडत बसणार नाही, आधी ताप बघीन. जीव मारायची वेळ येऊ नये यासाठी जे जे करायचं ते सगळं करीन, आणि तरी आली तर मागं हटणार नाही. ते पाप माझ्या माथी, तुझ्या व्रताला त्याचा डाग नाही.

संध्याकाळी राजानं दुधात कुस्करलेली भाकरी थोडी चाटली. डॉक्टर अजून वाचेल म्हणत नाहीत. मी म्हणते.

पर्युषण संपलं की आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. यंदा त्या भिंतीतल्या जीवांची मागेन, अगदी मनापासून. पाच वर्षं गप्प बसले म्हणून राजाची मागेन. तुझी मात्र मागणार नाही, आत्या.

तुझी भाची आणि मग सून,
कमल